जयवंती मावशींचं शेवटचं पान

बोटांची शाई साबणाने निघते, पण आमच्या क्लासचे किस्से साचतच जातात. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाही. क्लास म्हणजे काय, तर शनिवारी दुपारी नवीन पनवेलला माझ्या हॉलमध्ये रबरी शिक्क्यांनी स्क्रॅपबुकची पानं सजवायची. हे काम शांतपणे करायचं असतं, आणि आमच्या चौघींत शांत बसणारी एकही नाही. मी तर शिकवणारी असून शाई वाळेपर्यंत चार वेळा पान उचलून बघते!

*

वैशालीची सगळी नोकरी बँकेत गेली. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शिक्का अलगद ठेवायचा, दाबायचा, सरळ उचलायचा." तिने गुलाबाचा शिक्का घेतला आणि धाड धाड धाड! टेबलावरचा चहा सांडला.

गुलाब मात्र सुरेख उमटले. मी कौतुक करणार, तेवढ्यात प्रत्येक गुलाबाखाली तिची सही दिसली.

"अगं, हे काय?"

"सवय," ती म्हणाली आणि पुढच्या गुलाबाखाली तारीख टाकू लागली.

*

ओल्या ठशावर सोनेरी पावडर टाकून ती गरम हवेने वितळवली की अक्षरं फुगून चमकतात. नेमकी हे शिकवायच्या दिवशी लाइट गेली. हीटगन बंद, आणि नसीमभाभीला धीर कुठला? लेकीच्या निकाहचं पान हातात घेऊन ती थेट माझ्या स्वयंपाकघरात.

"तवा गरम करो ना, पान वर धरते मी."

पान झकास चमकलं, भाभी खूश. मी तवा पुसला होता, असं मला तरी वाटत होतं. संध्याकाळी आमचे हे ताटाकडे बघत म्हणाले, "आज पोळीला जरीचे काठ लावलेस का?" ती पोळी टाकून दिली आणि तवाही.

*

आता जयवंती मावशी. त्यांचं गाव विमानतळात गेलं, घर पाडलं. इतकी वर्षं रोडपालीला भाड्याने काढली आणि आता कुठे नवं घर झालं. नातवाने जुनं घर पाहिलेलंच नाही. वास्तुशांतीच्या दिवशी त्याला ते आल्बममधून दाखवायचं, हा मावशींचा ध्यास.

पण फोटोंत घर पूर्ण असं कुठेच नव्हतं. कुणाच्या फेट्यामागे खिडकी, तर कुणाच्या खांद्याआड ओटा. मी माझा घराचा शिक्का काढून दिला. मावशींनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"आमच्या घराला धुराडा कवा व्हता?"

बघते तर खरंच, विलायती बंगला. इतकी वर्षं मी तोच सगळ्यांना देत होते.

*

वास्तुशांत रविवारी, आणि आदल्या दिवशी शेवटचं काळं पान अजून कोरंच होतं. मावशी उठत होत्या, बसत होत्या, पुन्हा उठत होत्या. "नातू इचारंल, शेवटी काय?" मी एकेक शिक्का पुढे करत होते, त्या बाजूला सारत होत्या.

मग त्यांनी जुन्या दाराचा एकुलता एक फोटो पानाच्या वरच्या टोकाला चिकटवला. पांढऱ्या शाईच्या पॅडवर वळलेल्या मुठीची कड दाबली आणि कागदावर टेकवली. बोटाच्या टोकाने तिला लागून पाच ठिपके दिले. दिवाळीत उंबऱ्याशी काढतात तसं लक्ष्मीचं पाऊल. मग दुसरं, तिसरं.

पावलं पानाच्या खालच्या कडेपर्यंत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळी बोटं दाराच्या उलट दिशेला होती. शाई तर पुसता येणार नव्हती.

मी हळूच म्हटलं, "मावशी, लक्ष्मीची पावलं घरात जाणारी काढतात ना? ही तर बाहेर निघालीत."

मावशींनी पदराला हात पुसला.

"आमी निंगालो तवा तिला काय येकटीला तिथं ठेवाची व्हती?"