पडदा वाढवा

शकीलभाईंचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या स्टँडवर दुसरबीडच्या गाडीची वाट पाहत होते. "बाई, सर गेले…" एवढंच ते म्हणाले आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आता काय आणायला गेले?" शकीलभाई आमचे मंडपवाले, सरांचे जुने दोस्त. त्यांना माझा प्रश्न वेडगळ वाटला नसणार. वानखडे सर गेले म्हणजे कुठून तरी काहीतरी आणायला गेले, हाच आमच्या शाळेत त्या शब्दाचा अर्थ होता. बाजेसाठी गेले, कंदिलासाठी गेले, दाढी चिकटवायच्या डिंकासाठी गेले. पलीकडून शकीलभाई म्हणाले, "काही आणाले नाई गेले, बाई. गेले." दुसरबीडची गाडी लागली, भरली, निघूनही गेली. मी बाकावर तशीच बसून राहिले.

वानखडे सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे, मी मराठी. स्नेहसंमेलनाचं नाटक मी लिहायची, मीच बसवायची आणि कौतुक घ्यायलाही मीच पुढे. पडद्यामागचं सगळं सरांचं. माझा स्वभाव तापट, जीभ त्याहून तिखट. सरांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, आणि याचाच मला फार राग यायचा. शाळेचं नाटक म्हणजे काय, हे ज्यानं मागून पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. राजाला रंग लावून, दाढी चिकटवून, कमरेला शेला घट्ट बांधून झाला की राजाला शू लागते. सेनापती विंगेत गाढ झोपलेला असतो. प्रधानाची आई डबा घेऊन थेट स्टेजवर चढते आणि भर दरबारात प्रधानाला दोन घास भरवते. सरांनी यावर आपले उपाय शोधले होते. रंग लावण्याआधी अख्ख्या दरबाराची रांग मुतारीकडे जायची. आयांसाठी विंगेमागे सतरंजी अंथरलेली असायची, काय भरवायचं ते तिथं भरवा.

आमचं सिंहासन म्हणजे मंगल कार्यालयातली नवरदेवाची खुर्ची. त्यामुळे लग्नाच्या तिथी पाहून संमेलनाची तारीख धरायची, हे सरांनी हेडमास्तरांच्या गळी उतरवलं होतं. तरी एका वर्षी नाटकाच्या मध्यंतरातच कार्यालयाची माणसं दारात हजर! नवरदेव खोळंबला होता. मी कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "घेऊन जा जी, लग्न आधी." मग माझ्याकडे वळून, "बाई, राजाले उभाच राहू द्या. राज्यावर संकट येऊन राह्यलं ना? संकटात बसते कोण?" त्या वर्षी प्रमुख पाहुण्यांनी भाषणात राजाच्या अस्वस्थतेचं खास कौतुक केलं, आणि सर विंगेत तोंडाला रुमाल लावून हसत होते.

सरांचा एक हट्ट मात्र होता. 'पडदा पाडा' म्हणायचं नाही. 'पडदा बंद करा' तर मुळीच नाही. ते म्हणायचे, 'पडदा वाढवा.' सर मूळचे डोणगावचे, वडलांचं किराणा दुकान. संध्याकाळी दुकान 'बंद' झालं असं त्या घरात कुणी बोलायचं नाही, दुकान 'वाढवलं' म्हणायचं. आपण नाही का बांगडी वाढवली म्हणतो, नारळ वाढवला म्हणतो, तसंच. मी एकदा चिडवलं, "सर, गणिताचे मास्तर ना तुम्ही? संपलेल्या गोष्टीला वाढली कसं म्हणता?" तर म्हणाले, "दुकान वाढवते ते उद्या उघडाचं असते म्हणून, बाई. नाटक बी तसंच. पाडलं म्हणसान तर पुढच्या साली उभं कसं राहीन?" मी हसून सोडून दिलं.

हाच शब्द आमच्या अंगाशी आला. फार वर्षांपूर्वी एकदा मी राणीचं नाटक लिहिलं होतं. शेवटी राणी मरते आणि पडदा. मी स्वतः लिहिताना रडले होते. पडद्याची दोरी नव्यानंच आलेल्या ढोले सरांकडे, म्हणजे आमच्या पीटीच्या मास्तरांकडे होती. धिप्पाड गडी, कामाला वाघ. राणी कोसळली, प्रेक्षक चिडीचूप, आणि वानखडे सर हळूच म्हणाले, "पडदा वाढवा." ढोले सरांना वाटलं, पडदा अजून सरकवायचा आहे. उघडलेलाच पडदा त्यांनी आणखी उघडायला घेतला. "वाढवा, वाढवा!" सर कासावीस होऊन सांगत होते, आणि तितक्याच जोरानं ढोले सर भलतंच टोक ओढत होते… शेवटी तारेची कडी निसटली आणि पडदा जागच्या जागी अडकला. राणीनं बराच वेळ धीर धरला. मग एक डोळा उघडून विंगेत पाहिलं. कुणीतरी खुदकन हसलं. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वानखडे सर पडद्यापुढे आले. पायात चप्पल नाही, खांद्यावर सुतळीचा गुंडा. हात जोडून म्हणाले, "मंडळी, राणीसाहेब गेल्या. पडदा तेवढा अडकला. तुमी सारे जरासे डोये मिटा, म्हंजे झाला पडदा." आणि काय सांगू… सगळ्यांनी डोळे मिटले! आयाबाया, पोरंसोरं, पुढच्या रांगेतले पाहुणे, सगळ्यांनी. राणी उठली, शालू सावरत आत आली आणि माझ्या कुशीत शिरून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सरांनी त्या शालूच्या काठाची लाल चिंधी दोरीच्या एका टोकाला बांधली. ढोले सरांना म्हणाले, "वाढवा म्हटलं का हे वढाचं. बस."

सर निवृत्त झाले तरी संमेलनाला मागे हजर असायचेच. यंदा तेच म्हणाले, "बाई, ते राणीचं नाटक पुन्हा घ्या. एक डाव तरी तिले नीट मरू द्या. मी या टायमाले समोर बसतो, पाहतो." इतक्या वर्षांत सरांनी आमचं एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. सुमनवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या शेजारची खुर्ची मी त्यांच्यासाठी तेव्हाच ठरवून टाकली. तालमी रंगात आल्या होत्या… आणि शकीलभाईंचा फोन आला.

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेले. म्हटलं, "नाटक बंद करते. माझ्यानं होणार नाही." मी तिथं चक्क रडले. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "काऊन बंद? त्याइले तो शब्द चालत नव्हता, अन् तुमी त्याइच्याच घरात बसून बोलून राह्यल्या? मी येतो पाहाले. त्याइची खुर्ची बी ठेवा."

गेल्या आठवड्यात नाटक झालं. सिंहासन वेळेवर आलं, सेनापती जागा राहिला. समोर पहिल्या रांगेत वहिनी, शेजारी रिकामी खुर्ची. शेवटी राणी कोसळली. दोरीशी ढोले सरच होते, केस पिकलेले. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, कारण आता तो शब्द मला म्हणायचा होता. मला तो म्हणवेना. तो म्हटला की सर खरंच गेले, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. राणी निपचित पडलेली, पडदा सताड उघडा… मी समोर पाहिलं. वहिनींनी डोळे मिटले होते. मग त्यांच्या मागच्या रांगेतल्या एका बाईनं मिटले. ती आमचीच जुनी विद्यार्थिनी, तेव्हाची राणी, आता लेकीचं काम पाहायला आलेली. तिच्या शेजारच्यांनी मिटले, मग त्यांच्या मागच्यांनी. ज्यांना ती गोष्ट ठाऊक नव्हती त्यांनीही मिटले. मांडवाच्या खांबाला टेकून शकीलभाई उभे होते, त्यांचेही मिटलेले.

मी म्हटलं, "पडदा वाढवा."

ढोले सरांनी या वेळी लाल चिंधीचं टोक ओढलं.