बाईंच्या खिडकीचे बारा खिळे

माझा धाकटा भाऊ काचा बसवतो. खिडक्यांच्या, कपाटांच्या, फोटोंच्या. आमचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या काचा, मधे एक मोठं टेबल आणि दाराशी मी, फोन आणि गिऱ्हाइकं सांभाळायला. नवरा गेल्यावर मी इथे आले ती ‘महिनाभर राहते’ म्हणून, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. काच हातात घेतली की हा आधी नखाने वाजवून बघतो, म्हणून गल्लीत याचं नाव पडलंय टकटक. बोलतो कमी. त्याच्या वाटचं मीच बोलते, आणि त्यातलं निम्मं तरी बोलायला नको होतं.

कामात मात्र इतका काटेकोर की बघणाऱ्याचा जीव जावा! माप तीनदा घेणार, काच एकदा कापणार, आणि बसवल्यावर लांब जाऊन बघणार. मी किती वेळा म्हटलंय, “अरे, खिडकी आहे ती, मुलगी नाही दाखवायची.” तो हसतो आणि पुन्हा माप घेतो.

त्या सोमवारी तो मास्तरीणबाईंकडे गेला होता. बाई आमच्या कोपऱ्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आता पाय गेलेत, खिडकीलगतच्या पलंगावरच असतात. त्यांच्या खिडकीची काच तडकली होती. दुसऱ्या मजल्यावर बाहेरून हात पोचत नाही, म्हणून काच आतून बसवतात. अशा काचेला आत पडण्यापासून धरून ठेवतात ते बारीक खिळे, चारी बाजूंना तीन-तीन. वरून पुट्टी लावली की ते दिसतही नाहीत.

संध्याकाळी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. दाढ ठणकत होती, डोकं फिरलं होतं, आणि तो आल्याशिवाय दुकान सोडता येत नव्हतं. मी फोन लावला, “अजून किती वेळ?”

“ताई, खिळे संपलेत. दुकानात येतो, घेऊन परत जातो आणि—”

“आता येणार, परत जाणार, म्हणजे माझी दाढ गेली खड्ड्यात! पुट्टी लाव आणि ये. आत कोण बघायला बसलंय? खिळे उद्या मार.”

जन्मात कधी अर्धवट काम न केलेला माणूस, आणि त्या दिवशी माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो ओली पुट्टी उकरून खिळे मारायला निघालाच होता, तर मीच त्याला दुसऱ्या एका घाईच्या कामाला पिटाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं.

काय सांगू त्या वादळाचं! दुकानाचं शटर असं थरथरत होतं की आता उपटून जाणार. आम्ही दोघं टेबलाखाली शिरलो. भोवती शंभरेक काचा उभ्या, एक जरी आडवी झाली तर आमचा चेंदामेंदा. देवाशी माझं तसं फारसं पटत नाही, पण तेव्हा जीव मुठीत धरून नुसती बडबडत होते, ‘देवा, काचा वाचव, आम्हाला वाचव.’ तीन तासांनी वारा पडला. बाहेर येऊन बघते तर एका काचेला चरा नाही! माझा जीव भांड्यात पडला. हात जोडले, शेजारपाजाऱ्यांना बोलावून चहा पाजला, “देवाने राखलं हो आम्हाला,” म्हणून दारोदार सांगत सुटले.

चहाचे कप विसळत असताना इस्त्रीवाली आली. म्हणाली, “बाईंच्या अंगावर खिडकीची काच पडली. अख्खीच्या अख्खी. उजव्या हाताला सतरा टाके घातलेत.”

भावाने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि स्टुलावर बसला. ज्या तोंडाने तासाभरापूर्वी आभार मानले होते, ते तोंड कुठे लपवू असं झालं.

गावातल्या निम्म्या खिडक्या फुटल्या होत्या. लोक पुठ्ठे लावून बसले होते, दुकानासमोर रांग लागली होती, आणि आमचा काचवाला काचेला हात लावेना. काच कापायची हिरकणी त्याने खणात टाकून दिली. मी चिडले, रडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

“अरे, सगळे वादळालाच दोष देताहेत. कोणी आपलं नाव तरी घेतलंय का?”

“फुटलेली काच तुकड्यातुकड्यांनी पडते, ताई. ती अख्खी निघून आली. वादळाने ती नुसती ढकलली.”

“मग काय करणार आहेस?”

“सांगणार आहे त्यांना. पण पाय उचलत नाहीत.”

असे आठ दिवस गेले. रांगेतली माणसं कंटाळून निघून गेली. हा पुन्हा कधी काम करेल असं मला वाटेनासं झालं होतं.

नवव्या दिवशी सकाळी बाईंच्या सुनेचा फोन आला. “काच बसवायला कधी येताय? दुसऱ्याला बोलावते म्हटलं तर सासूबाई ऐकत नाहीत. तुम्हीच हवे आहात त्यांना.”

आम्ही दोघंही गेलो. त्याच्या काखेत काच, माझ्या हातात हत्यारांची पिशवी. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. हात बँडेजमध्ये. दोन बोटं मिटत नाहीत, सुनेने दारातच सांगितलं.

भावाने काच भिंतीला टेकवली आणि उभ्याउभ्याच बोलला. “बाई, मी खिळे मारले नव्हते. म्हणून पडली.”

“त्याचं काही ऐकू नका,” मी मधेच तोंड घातलं, “मीच म्हटलं होतं त्याला, राहू दे म्हणून. दोनदा.”

सुनेचा आवाज चढला, “लिहायचा हात आहे तो त्यांचा! आणि आज सांगताय? चालते व्हा दोघंही!”

तिचं चुकत नव्हतं. मी वळलेच होते.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “मला राग आलाय. खूप आलाय, आणि तो काही लवकर जायचा नाही.” मग त्या भावाकडे वळल्या. “आज खिळे आणलेस का रे?”

“आणलेत.”

“मग मार. पुट्टी मागाहून. आधी मला खिळे दिसू देत.”

मी काच धरून उभी राहिले, तो खिळे मारत होता. प्रत्येक खिळ्याला बाई पलंगावरून मोठ्याने आकडा म्हणत होत्या, वर्गात म्हणत असतील तसा. नवव्या खिळ्याला त्याच्या हातातून हातोडी निसटली. बाई “नऊ” न म्हणता थांबून राहिल्या. त्याने हातोडी उचलली. नऊ. दहा. अकरा. बारा.

पुट्टी लावून झाली तशी सून पलंग समोरच्या भिंतीकडे सरकवायला लागली.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “इथेच राहू दे. उशी तेवढी त्या बाजूला घे. मला खिडकीखाली डोकं करून झोपायचंय.”

सून उशी हातात धरून उभी राहिली. तिने काचेकडे बघितलं, मग माझ्या भावाकडे. मग तिने उशी खिडकीखाली ठेवली, दोन्ही हातांनी सासूबाईंना उचलून फिरवलं आणि त्यांचं डोकं अलगद त्या उशीवर टेकवलं.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडले. देवाकडे मागायचं तर किती होतं, त्या दोन बोटांचं सगळ्यात आधी. पण तोंडातून निघाले ते फक्त आभार.