दानुताच्या सणांची तक्रार

लंडनमधल्या ईलिंगच्या त्या गल्लीत अरुणा चौबळ चार वर्षं राहत होती आणि तोवर तिला कुणाचा हेवा करायचं कारण पडलं नव्हतं. नवरा सतीश बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती स्वतः एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर आणि सात वर्षांची अक्षया शाळेत. सणवार व्हायचे, पण सोयीसोयीने. गणपती दीड दिवसाचा, कारण सतीशला रजा मिळायची नाही. दिवाळी मंडळाच्या हॉलमध्ये, जवळचा शनिवार बघून. "परदेशात एवढं होतं हेच खूप," असं ती म्हणायची आणि तिला ते खरंच वाटायचं.

मग दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात शेजारी दानुता राहायला आली.

दानुता पोलंडची. एका हॉटेलात खोल्या साफ करायची, नवरा यानुश भिंतींना प्लास्टर करायचा. इंग्रजी मोडकंतोडकं, हसणं मात्र गडगडाटी. अरुणा तिला गमतीने दानुताताई म्हणायला लागली. अर्थ कळल्यावर दानुताने ते नाव मानाने मिरवलं.

पहिला चटका बसला एक नोव्हेंबरला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं त्याच दिवशी आलं, मंगळवारी. अरुणा कामावरून धावतपळत घरी आली, खिडकीत चार पणत्या लावल्या आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला म्हणून दोन विझवल्या. तेवढ्यात दानुता दारात उभी. दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत काचेचे दिवे.

"आज आमच्यात गेलेल्या माणसांचा दिवस. कबरींवर दिवे लावायचे. अक्षयाला नेऊ?"

"पण तुमची माणसं तर तिकडे पोलंडमध्ये ना?"

"हो. इथे ज्यांचं कुणी येत नाही, त्यांना लावते."

तासाभराने अक्षया परत आली ती डोळे विस्फारूनच. "आई, तिकडे थाउजंड दिवे होता! आपला दिवाळी एवढा छोटा का आहे?"

अरुणाने तिच्या पुढ्यात करंजी ठेवली आणि विषय बदलला.

पण विषय काही संपेना. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी दानुताने तिघांना जेवायला बोलावलं. टेबलक्लॉथखाली गवत पसरलेलं, आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवणाला हात लावायचा नाही आणि मग एकामागून एक बारा पदार्थ, मांसाचा एकही नाही. आधी सगळ्यांनी एक पातळ पांढरी पोळी मोडून एकमेकांना द्यायची आणि देताना चांगलं चिंतायचं. दानुताची आई पंचवीस तास कोचने प्रवास करून आली होती, बरोबर बरण्याच बरण्या. म्हातारीने अरुणाचे दोन्ही गाल हातात धरून पोलिशमध्ये बरंच काही सांगितलं. अरुणा हसली, पण मनात एकच घोळत होतं. हिच्या आईने बरण्या भरल्या आणि ती बसमध्ये बसली, बस्स. ना व्हिसा, ना कागदपत्रं.

फेब्रुवारीत ईस्टरआधीचे उपवास सुरू व्हायच्या आधीच्या गुरुवारी दानुताने तळलेले गोल डोनट पाठवले. आत गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा. गुलकंदच तो. अक्षयाने तीन खाल्ले. त्याच अक्षयाने संक्रांतीची गुळपोळी अर्धी टाकली होती, हे अरुणा विसरली नव्हती. एप्रिलमध्ये अक्षया रंगवलेल्या अंड्यांची टोपली घेऊन दानुताबरोबर पोलिश चर्चमध्ये गेली. पाडव्याला तिला गुढी धरायला उभं केलं होतं, तेव्हा हात दुखतो म्हणाली होती.

चोवीस जूनला, शनिवारी दुपारी, चिंचवडहून भावाचा, शशिकांतचा, फोन आला. आईचा लंडनला यायचा व्हिसा नाकारला होता. ती परत जाईल याची खात्री पटत नाही म्हणे. "तिला काही बोलू नकोस," शशिकांत म्हणाला, "सकाळपासून जेवलेली नाही."

अरुणाने फोन ठेवला आणि त्याच क्षणी कुंपणापलीकडून वीसएक माणसांनी एका सुरात गाणं सुरू केलं. दानुताचा नामदिवस होता, म्हणजे कॅलेंडरात तिच्या नावाला नेमलेला दिवस. त्यांच्याकडे म्हणे वाढदिवसापेक्षा त्याचं कौतुक जास्त. मधोमध खुर्चीवर दानुताची आई टाळ्या वाजवत बसली होती. परत आली होती ती. तिसऱ्यांदा.

अरुणा कॉम्प्युटरपुढे बसली आणि तिने कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, ईमेल लिहिलं. दर आठवड्याला गोंगाट होतो, परक्या माणसांची गर्दी होते, मुलांना झोप मिळत नाही. एकही गोष्ट खरी नव्हती. इंग्रजी मात्र बिनचूक होतं.

दोन आठवड्यांनी दानुता एक पाकीट घेऊन आली. चेहरा उतरलेला. "अरुणा, हे कौन्सिलचं आहे. नीट समजत नाही. वाचून दाखव ना."

अरुणाला वाचावं लागलं. आपणच लिहिलेले शब्द आता कौन्सिलच्या कागदावर होते आणि ते तिने एकेक करून दानुताला समजावून सांगितले.

"समोरचा म्हातारा," दानुता शेवटी म्हणाली. "तोच. कधी हसत नाही."

अरुणाने कागदाची घडी करून पाकिटात सरकवली. समोरच्या मिस्टर पीटर्सना दानुता दर रविवारी केक नेऊन द्यायची. ते त्या दिवसापासून बंद झालं. म्हातारा दोन-तीन रविवार दारात येऊन उभा राहिलेला अरुणाने खिडकीतून पाहिला.

त्या डिसेंबरात शेजारच्या जेवणाला अक्षया एकटीच गेली. अरुणाने डोकेदुखीचं निमित्त केलं होतं. परत आल्यावर अक्षया म्हणाली, "आई, त्यांनी गाणी म्हटला, पण व्हिस्परमध्ये. सगळे विंडो बंद करून. आजी रडला."

हवं होतं ते झालं होतं. पलीकडे शांतता होती. त्या शांततेत अरुणाला रात्रभर कूस बदलत पडावं लागलं आणि ख्रिसमसच्या सकाळी तिने दानुताचं दार वाजवलं.

"तक्रार मिस्टर पीटर्सनी केली नव्हती. मी केली होती."

दानुता आत गेली, खसखशीचा अख्खा केक घेऊन बाहेर आली, अरुणाला ओलांडून रस्त्यापलीकडे गेली आणि मिस्टर पीटर्सची बेल वाजवली. अरुणाशी एक शब्द बोलली नाही. पुढे तीन महिने बोलली नाही. फेब्रुवारीतला डोनटचा गुरुवार आला तसा गेला.

ईस्टरच्या सोमवारी अरुणा मागच्या बागेत कपडे वाळत घालत होती. कुंपणापलीकडून अचानक बादलीभर गार पाणी तिच्या डोक्यावर येऊन आदळलं. किंचाळून तिने वर पाहिलं, तर स्टुलावर दानुता, हातात रिकामी बादली.

"आज आमच्यात पाणी ओततात," ती म्हणाली. "प्रथा आहे." मग जरा थांबून, "थोडं माझ्या मनचंही होतं."

अरुणा निथळत उभी राहिली. हसावं की रडावं कळेना.

"का केलंस?" दानुताने विचारलं.

मग अरुणाने कुंपणाला धरून सगळं सांगितलं. आईचा व्हिसा, शशिकांतचा फोन, ते गाणं.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला माझी कीव आली असती. तुझ्याकडे सगळं होतंच, वर माझी कीव करायलाही तूच."

दानुताने कुंपणावरून टॉवेल फेकला.

आईचा व्हिसा पुढच्या वर्षी झाला. नऊवारी नेसलेल्या आईला दानुताने नामदिवसाच्या टेबलावर आपल्या आईशेजारी बसवलं. दोन म्हाताऱ्यांना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी दोघींचं तासभर काहीतरी चाललं होतं. कोबीच्या लोणच्याची पाककृती खुणांनी विचारत आई अरुणाला म्हणाली, "काय गुणाची पोर आहे गं ही दानुता. सगळं कसं रीतीने करते."

तीन आठवडे झाले होते आईला येऊन. अरुणाच्या उकडीच्या मोदकांना तिने फक्त "बरे झालेत" म्हटलं होतं. अरुणाने आईच्या ताटलीत आणखी थोडं लोणचं वाढलं, जरा जोरातच.