लाल नेलपॉलिशच्या डिस्का

अड्याळला लग्नाची शूटिंग म्हटली की लोक प्रविणचं नाव घेतात. पण प्रविण नुसता कॅमेरा धरतो. कापायचं-जोडायचं काम त्याची बायको चंदा करते आणि डोकं लागतं ते तिथंच. व्हायरसनं दोनदा कॉम्प्युटर बंद पाडला, तेव्हा वैतागून तिनं आधीची सिस्टीम काढून त्यात लिनक्स टाकलं. शिकवायला कोणी नव्हतं. मोबाइलवर बघत, चुकत, स्वतःलाच शिव्या घालत ती शिकली.

लिनक्समध्ये कॉम्प्युटर सुरू होताना जी डिस्क आधी सापडेल ती एसडीए, मग एसडीबी, मग एसडीसी. चंदाला ही नावं पक्की वाटली. गावात पंगतीसाठी भांडी मागून नेतात, म्हणून बायका आपापल्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला नेलपॉलिशनं नाव घालतात. तिनंही दोन सारख्याच डिस्कांवर लाल नेलपॉलिशनं 'बी' आणि 'सी' लिहून टाकलं. 'बी'मध्ये लग्नं भरायची, 'सी' पुढच्यासाठी पुसून ठेवायची. कधी घोळ झाला नाही, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तिनं कॉम्प्युटर खोलून धूळ झटकली आणि वायरी परत लावल्या. दुपारी एसडीसी पुसायचा हुकूम टाइप केला. एन्टर दाबायचं तेवढं बाकी होतं, तोच काखेत गंज घेऊन रुखमाबाई दारात उभी राहिली.

रुखमाबाईच्या पोरीचं, खुशबूचं लग्न नुकतंच झालं होतं; पंगतीला तिनं चंदाचा गंजही नेला होता. नशीब बघा, पोरीच्या लग्नात राब राब राबली आणि ऐन वेळी भोवळ येऊन पडली. मुहूर्त टळू नये म्हणून लग्न लावून घेतलं, खुशबूला कोणी काही सांगितलं नाही. अक्षता पडल्या तेव्हा आई पवनीच्या दवाखान्यात सलाईनवर होती. तेव्हापासून 'व्हिडिओ झाला काय?' म्हणून तिचे हेलपाटे चालू होते. आणि ते लग्न होतं फक्त 'बी' डिस्कवर. कॅमेऱ्यातलं कार्ड कधीच पुसून दुसऱ्या लग्नाला गेलं होतं.

"तुहा गंज हा होय व," रुखमाबाई म्हणाली. "तुह्याकडं परत आला तो वरच्या मोहल्ल्यातल्या चंदाचा."

"त्याच्यावर तं चंदाच लिवलं हाय, मावशी."

"तिनं बी चंदाच लिवलं. नावाले काय पाहतं? तुह्या गंजाले काठाखाली पोचा हाय. मी घासतानी पाह्यला."

चंदा हसली, आणि हसता हसता तिचा हात कीबोर्डवरून मागे आला. वायरी! सकाळी कोणती वायर कोणत्या खाचेत गेली, तिनं पाहिलंच नव्हतं. नेलपॉलिश डिस्कवर होती. नाव मात्र कॉम्प्युटर दर वेळी नव्यानं ठेवत होता.

हुकूम खोडून तिनं आधी एसडीसी उघडून पाहिली. आत खुशबूचं लग्न होतं. चंदानं कीबोर्ड बाजूला सारला.

"काहून थांबली व?"

"मावशी, आता मी खुशबूचं लगन पुसून टाकलं असतं."

"पुसलं तं नाही ना? मंग दाखव."

"अजून कापलं-जोडलं नाही. कच्चं हाय."

"कच्चंच दाखव."

पडद्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या अलीकडे खुशबू उभी होती, पण ती समोर बघतच नव्हती. मान वळवून वळवून मंडपभर शोधत होती. प्रविणचा आवाज मागून येत होता, "ताई, समोर पाहा." असे तुकडे चंदा एरवी डोळे झाकून कापून टाकते.

"कोनाले पाहून राहिली ते?" चंदानं विचारलं.

रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला. "मले," ती म्हणाली.

डिस्कांवरची नेलपॉलिश चंदानं दुसऱ्याच दिवशी पुसली. प्रत्येक डिस्कला कारखान्यातून एक लांबलचक नंबर मिळतो, खाच बदलली तरी तो बदलत नाही, आणि लिनक्सला डिस्क त्या नंबरावरूनही सांगता येते, हे तिनं शोधून काढलं. आता पुसण्याआधी ती तो नंबर बघते.

खुशबूची फिल्म तयार झाली तेव्हा प्रविण वैतागला. "नवरीनं मान वळवलेली कायले ठेवली? किती खराब दिसते."

"राहू दे," चंदा म्हणाली. "तेवढंच तं पाहाचं हाय मावशीले."