खणातलं नाव

लाख आणि स्पिरिट यांचा उग्र दर्प कुठे आला, की अबुधाबीतला नव्वदच्या दशकातला तो नोव्हेंबर आणि त्याबरोबर तो संताप आजही माझ्या अंगात चढतो. उन्हाळा नुकता ओसरला होता. मी कामाला होते त्या फर्निचरच्या शोरूमच्या काचेतून झिरपणारं मवाळ ऊन पॅरिसहून आलेल्या त्या लिहिण्याच्या मेजावर पडलं, की त्याच्या पितळी वेलबुट्टीत क्षणभर प्राण संचारत.

फ्रान्सच्या राजासाठी घडवलेल्या मेजाची ती प्रतिकृती. राजवैभव लयाला गेल्यावर, एकोणिसाव्या शतकात, पॅरिसच्या एका कारागिरानं केलेली. खणाच्या आतल्या कडेला त्यानं आपलं नाव ठोकून उमटवलं होतं. मला त्या अक्षरांवरून बोट फिरवायला आवडे. इतकी हुबेहूब नक्कल साधूनही, हे राजाचं नव्हे, माझ्या हातचं आहे, असं सांगायला तो लाजला नव्हता.

आमच्या शेठना नेमकं तेच नको होतं. मागच्या वर्कशॉपमध्ये येऊन ते लतीफभाईंना म्हणाले, "नाव काढून टाक. कस्टमरला ओरिजिनल म्हणून सांगायचंय. यल्ला, चल लवकर."

लतीफभाई रत्नागिरीचे; लाकडात काम करता करता केस पिकलेले. त्यांनी पटाशी उचलली, तशी मी आडवी गेले.

"त्या माणसाची एवढीच खूण उरलीय, लतीफभाई."

"ताई, व्हिसा शेठच्या हातात आहे," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "माझा आणि तुमचाही."

मी बाजूला झाले. शंभराहून अधिक वर्षं टिकलेली अक्षरं बघता बघता भुसा होऊन फरशीवर पडली. घरी पोचेपर्यंत माझ्या मुठी आवळलेल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी एक वृद्ध अरब गृहस्थ ते मेज पाहायला आले. शेठ आत फोनवर होते. नोकरी गेली तर जाऊ दे, असं ठरवून मी त्या गृहस्थांना हिंदीत सगळं सांगून टाकलं, खरवडलेल्या नावासकट. ते मंद हसले.

"मालूम है, बेटी. राजा का तो म्यूज़ियम में है. मेहमान को बोलने में अच्छा लगता है."

आणि त्यांनी ते मेज घेतलं.

फसलं कुणीच नव्हतं, हेच मला सोसेना. विकणारा खूश, घेणारा खूश. त्या दोघांच्या गोड संगनमतात एक मेलेला माणूस पुन्हा एकदा पुसला गेला होता, आणि त्यासाठी भांडावं, असं समोर कुणी उरलं नव्हतं. राग शेठवर धरावा, तर त्यांना तो कळलाही नसता.

काही दिवसांनी तशीच एक नक्षीदार, खणांची पेटी आली. शेठनी काही सांगण्याआधीच लतीफभाईंनी तिचा खण बाहेर ओढला, उजेडाकडे तिरका धरला आणि मला हाक मारली.

"ताई, काय लिहिलंय, वाचा बरं."

मी वाचलं. त्यांनी ते परकं नाव आपल्या कोकणी जिभेवर दोनदा घोळवून पाहिलं, मान हलवली, आणि मग पटाशी हातात घेतली. मी या वेळी आडवी गेले नाही; शेवटचं अक्षर जाईपर्यंत तिथून हललेही नाही.