सिंगी लावणारी बाई

बिट्टन मार्केटातल्या एका दुकानात हल्ली ऑक्टोबर संपत आला की प्लास्टिकचे सुळे मिळतात. सोबत लाल रंगाची नळी. माझी मुलगी कॉलेजात गेली तरी हे सगळं हौसेने घेऊन येते, ओठांच्या कडेला ओघळ काढते आणि शाहपुऱ्याच्या आमच्या बाल्कनीत उभी राहून फोटो काढते. तिच्या मोबाइलमधले रक्तपिपासू म्हणजे काय विचारता! गोरेपान, उंच, शेकडो वर्षांचे असूनही कॉलेजातल्या पोरींच्या प्रेमात पडणारे. "आई, किती क्यूट आहे ना?" क्यूट म्हणे! यंदा मी तिच्यावर अशी खेकसले की पोरगी गांगरूनच गेली. आधी ते तोंड पूस, म्हटलं. तिला वाटलं, आईला भुतांची भीती वाटते. भीती कसली डोंबलाची! मला लाज वाटते, आणि कशाची ते मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. वडील पिपलानीच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहायचो. लाइनीत आठ क्वार्टर, त्यात मराठी घर आमचं एकच. दाराबाहेर हिंदी आणि दाराच्या आत पुण्याचं मराठी, असा आईचा कडक नियम होता. आत येऊन चुकून "मैं आती हूँ" म्हटलं तरी ती डोळे वटारायची.

भुतांचंही असंच होतं. घरात आईच्या गोष्टीतली हडळ. तिला रक्ताशी काही सोयरसुतक नव्हतं. ती आपली पाणवठ्यावर केस सोडून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला धरायची. दाराबाहेर लाइनीतल्या पोरांची चुड़ैल, उलट्या पावलांची. ती मात्र लहान मुलांचं रक्त प्यायची. आणि मग त्या उन्हाळ्याच्या सुटीत समोरच्या आंटींकडे व्हीसीआर भाड्याने आला. आम्ही बारा-तेरा पोरं भर दुपारी पडदे ओढून बसलो आणि एक विलायती भूत पाहिलं. काळा झगा, दोन सुळे, आरशात न दिसणारं. हिंदीत बोलणारं, कारण सिनेमा डब केलेला होता.

आंटींची मुलगी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही तिला दीदी म्हणायचो आणि ती म्हणेल ती पूर्व दिशा. सिनेमा संपल्यावर तिने सगळ्यांना बजावलं, "एक बात याद रखना. वो बिना बुलाए घर में नहीं आ सकती. बुलाया, तो गए." हा नियम त्या विलायती भुताचा होता, पण दीदीने तो सरसकट सगळ्यांना लावून टाकला.

त्याच पावसाळ्यात आईचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. वेणी घालायची तर मी मागे उभी राहून घालायची. डिस्पेन्सरीतल्या पिवळ्या गोळ्या झाल्या, मलम झालं, शेक झाला. उपयोग शून्य. भांडी घासायला येणाऱ्या बाईने तिला सांगितलं, सिंगी लावून घ्या. सिंगी म्हणजे गाईचं पोकळ शिंग, टोकाला बारीक भोक असलेलं. दुखऱ्या जागी ब्लेडने दोन-चार चिरा द्यायच्या, शिंग त्यावर दाबून धरायचं आणि टोकाला तोंड लावून हवा ओढायची, की आत काळपट रक्त जमतं. मराठीत यालाच तुंबडी लावणं म्हणतात. आम्ही तो शब्द लोकांना लुबाडणाऱ्यांसाठी वापरायचो. खरी तुंबडी आईनेही कधी पाहिली नव्हती.

वडिलांपुढे हा विषय काढताच ते उखडले. "डिस्पेन्सरी आहे, डॉक्टर आहेत, आणि तू शिंगं लावून घेणार? असले जंगली प्रकार माझ्या घरात चालणार नाहीत." वडिलांचा आवाज चढला की आई गप्प व्हायची. पण दुखणं काही गप्प बसत नाही. शेवटी एका मंगळवारी, वडील कामावर असताना, तिने भांडीवालीकरवी एका सिंगी लावणाऱ्या बाईला बोलावून घेतलं. मला शपथ घातली, "बाबांपाशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." असली शपथ आईने घातली की पोरीची काय टाप आहे तोंड उघडायची!

मी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहिलं. बाई वयाने आईएवढीच होती, काटक, नाकात चांदीची फुली, आणि पुढचे दात मोठे आणि पांढरेशुभ्र. तिने शिंगाच्या टोकाला ओठ लावले आणि ओढलं. गाल खोल आत गेले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. तीन शिंगं तिने अशी लावली. तिसऱ्या वेळी थोडं रक्त तिच्या तोंडात आलं. ती लगेच उठली, मोरीत गेली, थुंकली आणि दोनदा खळखळून चूळ भरली. मला दारात पाहून हसली. "डर गई, बिटिया? थूक दिया, देख." मी पाहिलं. मोरीतून गुलाबी पाणी वाहून जात होतं. हे मी अगदी स्वच्छ पाहिलं होतं, म्हणून सांगते.

त्या दुपारी आईने स्वतःच्या हाताने केस बांधले. मागे हात नेऊन, दोन्ही कोपरं वर करून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पुढच्या मंगळवारी परत," ती बाईला म्हणाली. मी बाईला फाटकापर्यंत सोडायला गेले. आमच्याकडे निघणारा माणूस "येतो" म्हणतो आणि घरातला "या" म्हणतो. "जा" म्हणायचं नाही, ते अभद्र. आईने हे मला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. बाई "चलती हूँ" म्हणाली आणि मी सवयीने मोठ्याने म्हटलं, "या हं!"

समोर दीदी उभी होती. बाईला तिने फाटकाशीच पाहिलं, घरातून बाहेर पडताना नाही. आमच्या घरात येऊन येऊन तिला एवढं मराठी कळायला लागलं होतं. तिने बाईच्या ओठाच्या कोपऱ्यात राहिलेला लाल डाग पाहिला, तिच्या पिशवीतून डोकावणारं शिंग पाहिलं आणि माझं मनगट धरलं. "तूने उसे बुलाया? तूने उसको बोला, आओ?"

ती आमची पद्धत आहे, आम्ही सगळ्यांनाच म्हणतो, असं काहीतरी पुटपुटले. दीदी मान हलवत राहिली. "अब तो वो कभी भी अंदर आ सकती है."

शुक्रवारी माझा धाकटा भाऊ झोपूनच राहिला. चार वर्षांचा पोरगा, एरवी घर डोक्यावर घ्यायचा. जेवेना, खेळेना. रविवारी त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले आणि चेहरा असा पांढुरका, की जणू कुणीतरी त्यातलं रक्त काढून घेतलंय. हे कुणी केलं ते मला ठाऊक होतं आणि कुणामुळे झालं तेही. एका "या"मुळे. सिनेमात पाहिल्याप्रमाणे मी त्याच्या उशाशी लसूण ठेवली, आईने ती उचलून फोडणीत घातली. माझी तर झोपच उडाली. भाऊ मेला तर तो माझ्यामुळे मरणार, एवढं एकच डोक्यात घोळत होतं.

आणि मग मी दीदीला सांगितलं. आईचं नाव घ्यायचं नव्हतं, शपथ होती. म्हणून एवढंच म्हटलं, की मी तिला रक्त ओढताना पाहिलंय. तोंडाने. थुंकल्याचं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर कुठे, कुणाच्या मोरीत, हे सांगावं लागलं असतं.

तोवर लाइनीतली आणखी दोन मुलं आजारी पडली होती. दीदीने आंटींना सांगितलं, आंटींनी शेजारी, आणि सोमवारपर्यंत आठही क्वार्टरांत एकच विषय. नंतर, बुधवारी, डिस्पेन्सरीचा डॉक्टर येऊन म्हणाला की तिघांनाही कावीळ आहे, लाइनीच्या पाण्याच्या पाइपात गटाराचं पाणी शिरतंय, उकळून प्या. पोरं महिन्याभरात बरी झाली. माझा भाऊ आता टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप आहे. पण डॉक्टर आला बुधवारी. मंगळवार त्याच्या आधी येतो.

मंगळवारी दुपारी बाई ठरल्याप्रमाणे आली. गुलमोहराखाली बायका उभ्याच होत्या. आंटींनी तिची पिशवी हिसकावून रस्त्यावर पालथी केली. शिंगं, ब्लेड, वाळलेल्या रक्ताच्या चिंध्या. बघितल्यावर एक बाई मोठ्याने रडायलाच लागली, तिची मुलगी आजारी होती. कुणीतरी बाईचे केस धरले. ती ओरडत होती, "अरे, सिंगी है! सिंगी लगाती हूँ! इनसे पूछो, इन्होंने बुलाया है!" आणि तिने आमच्या दाराकडे हात केला.

आई दारात होती. वडील तिच्या मागे, भाऊ आजारी म्हणून त्यांनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. आंटींनी विचारलं, "आपने बुलाया इसको?"

आईने एकदा वडिलांकडे पाहिलं. "मैंने? मैं क्यों बुलाऊँगी?"

आई खोटं बोलते हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ये चुड़ैल-वुड़ैल सब बकवास है. इसे बाहर निकालो और बात खत्म करो." आणि आत गेले. शास्त्र शिकलेला माणूस! रक्त पिणारी बाई असं काही नसतं, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी एवढंच केलं.

मग बाईने मला पाहिलं. केस कुणाच्या तरी मुठीत होते, मान तिरकी झाली होती. "बिटिया, तूने देखा था ना? मैंने थूका था ना? बोल दे, बेटा."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. एक "हो" म्हणायचं होतं, फक्त एक. आई माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे सांगत होते, बोलू नकोस. आत भाऊ कण्हत होता. मला खरंच वाटत होतं की हिला घालवलं तरच तो जगेल. मी म्हटलं, "पिया था. मैंने देखा."

चप्पल कुणाची होती, मला माहीत नाही. दुसरा फटका खलबत्त्याच्या बत्त्याचा होता, तो आंटींच्या हातात होता. चुड़ैलीचे दात पाडले की तिची ताकद जाते असं त्यांच्या गावी मानत. पुढचे दोन दात गेले, ओठ मधोमध फाटला. सिंगी ओढायची तर ओठ घट्ट मिटावे लागतात, हे तिथे तिच्याशिवाय फक्त मला आणि आईला कळत होतं.

तेवढ्यात टाउनशिपचा सिक्युरिटीवाला सायकलवरून आला. त्याने बायकांना मागे सारलं, बाईला दंडाला धरून गेटाकडे चालवलं. आमच्या फाटकासमोर ती थांबली. तिचं तोंड रक्ताने भरून आलं होतं, गाल फुगले होते. ती रस्त्याच्या कडेला वाकली.

"ए, इधर नहीं थूकना," तो ओरडला. "टाउनशिप है ये."

ती वाकलेलीच राहिली. मग सरळ झाली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडातलं सगळं गिळून टाकलं.

"देखो, पी गई! पी गई!" आंटी किंचाळल्या.

मी तिला रक्त पिताना पाहिलं ते त्या एकदाच, आणि ते तिचं स्वतःचं होतं.