हातातलं सोडा, बाई

स्वप्नात मी अजून पडते, पण हल्ली हळू पडते. पूर्वी दचकून जाग यायची आणि छाती धडधडत राहायची. आता सोनचाफ्याची पाकळी गिरक्या घेत खाली येते ना, तशी मी येते. खाली मंडळाचं मैदान असतं, तांबडी माती, कडेने माड, आणि सगळं थोडं धुक्यात. जमिनीला टेकायच्या आधी कुणीतरी म्हणतं, "हातातलं सोडा, बाई." आणि मी सोडते. काय सोडलं ते स्वप्नात कधी दिसत नाही.

कुणी म्हणेल म्हातारीचं डोकं फिरलंय. म्हणू दे. सदुसष्टाव्या वर्षी पडायचं शिकायला गेले तेव्हा गावाने यापेक्षा वाईट म्हणून झालंय.

मी वटारची. गावातल्या शाळेत आयुष्य घालवलं आणि त्यातलं निम्मं एकच वाक्य ओरडण्यात गेलं: "धावू नका, पडाल!" आमच्या घरामागे वाडी आहे, आणि वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटंसं तळं. केळी, चाफा, पानवेली, सगळं त्याच पाण्यावर. बावखलाच्या पलीकडे कुंपण आणि कुंपणापलीकडे कबड्डी मंडळाचं मैदान. मंडळ म्हणजे काही बडं प्रस्थ नव्हे. मुलामुलींना फुकट कबड्डी शिकवायची आणि वर गावाची पडेल ती कामं करायची. कुणाकडे कार्य असलं की खुर्च्या मांडायला मंडळ, कुणी आजारी पडलं की उचलून रिक्षात बसवायला मंडळ.

त्या मैदानावर रोज संध्याकाळी पाणी मारावं लागतं, नाहीतर धुळीने श्वास कोंडतो. ते पाणी आमच्या बावखलाचं. चार वाजले की माझे यजमान पंप लावायचे, पाईपचं तोंड हातात धरायचे आणि कुंपणापर्यंत जायचे. मला वाटतं, त्यांना त्या कामापेक्षा दुसरं काही आवडत नव्हतं. पाणी मातीवर पडायला लागलं की तिकडून पोरं ओरडायची, "सर, इकडे! सर, इकडे!" आयुष्यभर कचेरीत फायली सरकवलेल्या माणसाला ती पोरं सर म्हणत, आणि हे खुशाल म्हणवून घेत.

दोन वर्षांपूर्वी बावखलाच्या काठावर शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. पाईप सोडला असता तर बाजूच्या माडाला हात पोचला असता. त्यांनी नाही सोडला. पोरं कुंपणावरून उड्या टाकून आली तेव्हा पाणी तसंच वाहत होतं आणि पाईप ह्यांच्या मुठीत होता. खुब्याचं हाड मोडलं. अंथरूण धरलं ते धरलंच, आणि दीड महिन्यात गेले.

मला मंडळाचा राग आला. उगीच आला हे तेव्हाही कळत होतं, पण राग काय विचारून येतो? तेरावं झालं आणि मी पंपाचं बटण बंद केलं. कुणाला काही बोलले नाही. मंडळानेही विचारलं नाही. लांबच्या विहिरीवरून पिंपं भरून आणायला लागले, जेवढं जमेल तेवढं शिंपडायला लागले. संध्याकाळी ती पिंपं खडखडत गेली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. बावखलाकडे तर पाऊलसुद्धा टाकलं नाही.

मग माझी पाळी आली. दुधाचं पातेलं घेऊन मागच्या पायरीवरून उतरत होते आणि चपलेने दगा दिला. पातेलं दोन्ही हातांनी वर धरलं आणि मनगटावर आपटले. कडकन आवाज आला. पण दूध? एक थेंब नाही सांडला! प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरलासुद्धा मी हे अभिमानाने सांगितलं. पडले तरी नाक वर.

माझी मुलगी एव्हरशाईन सिटीत राहते, सातव्या मजल्यावर. ती आली, माझ्या हाताकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, हे शेवटचं. पुन्हा पडलीस तर बॅग भरायची आणि कायमचं माझ्याकडे यायचं. बाबांसारखं मला परत बघवणार नाही." चिडली असती तर मी भांडले असते. ती रडत होती, म्हणून मी हो म्हटलं.

तिचं घर छान आहे हो. लिफ्ट आहे, जावई गुणाचा आहे. पण तिथल्या खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. इथे पहाटे चाफा तोडताना बोटांना जो वास लागतो तो दुपारपर्यंत पुरतो. भारद्वाज येऊन खिडकीखाली घुमतो. ह्यांची टोपी खुंटीवर आहे. हे घर मला सोडायचं नव्हतं. शब्द तर देऊन बसले होते. मग न पडण्याचा खात्रीचा उपाय काढला: हलायचंच नाही. पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग. सहा महिन्यांत पाय कापसासारखे झाले.

अशात एक दिवस मंडळाची कोच दारात आली. चाळिशीची आहे, अंगाने दणकट. चौथीत व्हरांड्यात धावली म्हणून हिला मी अंगठे धरायला लावले होते. चपला बाहेर काढून उंबऱ्याशीच उभी राहिली.

"बाई, रविवारी सकाळी सातला मैदानावर वर्ग घेतो आम्ही, साठीच्या पुढच्यांसाठी. पडायचं कसं ते शिकवतो. तुम्ही यायचं."

"पडायला कशाला शिकायला हवं? मला येतं ते. हात मोडून झालाय."

"तेच ना बाई. तुम्हाला चुकीचं येतं."

तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल फुल्या मारलेल्या बाईला तिचीच विद्यार्थिनी फुली मारते! त्या रागापायी मी गेले. चांगल्या बुद्धीने गेले असं खोटं कशाला सांगू?

त्या सकाळी आठवल्या की अजून डोळ्यांवर झापड येते. माडांमधून कोवळं ऊन तिरपं यायचं. मातीवर जुन्या मॅट अंथरलेल्या असायच्या. त्यांच्यावर आम्ही दहाबारा म्हातारेकोतारे उताणे पडलेलो, वर झावळ्या हलताहेत, लांबून चर्चची घंटा ऐकू येतेय, आणि कुणीच काही बोलत नाहीये. लहानपणानंतर मी जमिनीवर पडून आकाश बघितलंच नव्हतं. किती मोठं असतं ते! कोच सांगायची, तसं आम्ही आधी बसून कलंडायला शिकलो, मग गुडघ्यावरून, मग उभ्याने. हळूहळू वाटायला लागलं की जमीन खाली थांबलेलीच आहे, तिला कसली घाई नाही. आधी मी घरून मैदानापर्यंत रिक्षाने यायचे, मग चालत यायला लागले. रस्त्याने, लांबून. वाडीतून, बावखलावरून नाही.

वर्गात चारच गोष्टी. हनुवटी छातीला. गुडघे सैल. हात न टेकता कुशीवर यायचं. आणि सगळ्याच्या आधी, हातातलं सोडायचं. पहिल्या तीन मला दोन महिन्यांत आल्या. चौथीसाठी कोचने प्रत्येकाच्या हातात पाणी भरलेला स्टीलचा पेला दिला. चालायचं, ती टाळी वाजवेल तेव्हा पडायचं, पडताना पेला सोडून द्यायचा.

पुरुषांनी पटापट सोडले. त्यांचं काय जातं? आयुष्यभर मागून उचलणारं कुणीतरी होतंच. पण बायका! एकीलाही सोडवेना. पलीकडच्या आळीतली माझी मैत्रीण चर्चमधली मिस्सा आटोपून तशीच चांगल्या साडीत यायची. ती धप्पकन पडली, लोळली, साडी मातीत मळली, आणि पेला सरळ वर धरून म्हणाली, "सांडलं नाही हं!" आम्ही सगळ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. कोचने कपाळाला हात लावला.

"अहो मावशी, सांडायलाच दिलंय ते!"

"अगं पण भरलेलं कसं टाकायचं?" मैत्रीण म्हणाली. मलाही तेच विचारायचं होतं.

मी किती रविवार प्रयत्न केला देव जाणे. टाळी वाजली की बोटं आपोआप घट्ट व्हायची. मी मनात म्हणायचे सोड, आणि हात म्हणायचा नाही. एका रविवारी कोच तिसऱ्यांदा ओरडली, "हातातलं सोडा, बाई!" आणि माझा पारा चढला.

"नाही सुटत! आमच्या घरात नाही सुटत कुणाच्याच हातून, तुला माहीत नाही का?"

कोच माझ्याशेजारी मॅटवर येऊन बसली.

"माहीत आहे बाई," ती म्हणाली. "सरांना मीच उचललं होतं. पाईप सोडवायला त्यांचं एकेक बोट उघडावं लागलं मला." थोडा वेळ ती मातीत रेघा ओढत राहिली. "सरांनी इतकी वर्षं पाणी दिलं मैदानाला. आम्ही गावाला काय देणार? आम्हाला एकच येतं, न मोडता पडायला. म्हणून मग हा वर्ग काढला."

मी घरी आले आणि दार लावून खूप रडले. ज्यांचं पाणी मी तोडलं होतं ती पोरं मला उभं करत होती. लाज वाटली.

त्यानंतर आठवडाभरातच ते झालं. माझ्याकडे सासूबाईंची चिनी मातीची बरणी होती, खांद्याशी पिवळी, पोटाशी पांढरी. तिच्यात ह्यांनी आणि मी मिळून घातलेलं शेवटचं लोणचं होतं. कैऱ्या ह्यांनी फोडल्या होत्या, ओबडधोबड, नेहमीसारख्या. तळाशी थोड्याच फोडी उरल्या होत्या. मी रविवारी एकच खायचे, पुरवून पुरवून. त्या दुपारी बरणी उन्हात ठेवायला निघाले आणि त्याच मागच्या पायरीवर पाय गेला.

लोक म्हणतात क्षणात पडतो माणूस. खोटं आहे ते. भरपूर वेळ असतो. मला पायरीची कड दिसली, केळीचं फाटलेलं पान दिसलं, पानावरची मुंगीसुद्धा दिसली असेल. बरणीचा थंडपणा तळव्यांना जाणवला. आणि मी बोटं उघडली. बस. उघडली. हनुवटी छातीला गेली, गुडघे सैल झाले, मी कुशीवर आले आणि लोळत जाऊन कर्दळीच्या मुळाशी थांबले. मागे कुठेतरी बरणी फुटली. आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

मी तशीच पडून राहिले. वर झावळ्या, त्यांच्यामध्ये आकाश, सगळीकडे लोणच्याचा वास. मनगट हलवून बघितलं, खुबा हलवून बघितला. सगळं जागच्या जागी. मग शिकवल्याप्रमाणे कूस, गुडघे, पायरीचा आधार, आणि उभी. फोडींना मुंग्या लागल्या होत्या. तिथेच बसले आणि हे गेले तेव्हाही रडले नव्हते इतकी रडले.

फोन करायचा की नाही, हा विचार मनात आला हे कबूल करते. कुणाला कळणार होतं? पण शब्द म्हणजे शब्द. मुलीला फोन लावला आणि म्हटलं, "मी पडले."

पाऊण तासात रिक्षा दारात. उतरली ती हातात मोठी रिकामी बॅग घेऊनच. आत येऊन माझं मनगट दाबलं, कोपर दाबलं, गुडघे बघितले. साधं खरचटलंही नव्हतं. मग तिचं लक्ष मागच्या पायरीकडे गेलं.

"आजीची बरणी?"

"हातात होती. सोडली."

"तू सोडलीस?" तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी दुसरीच कुणीतरी आहे. ती पायरीवर बसून बरणीचे तुकडे वेचायला लागली. मग उठून म्हणाली, "पडून दाखव. माझ्यासमोर."

मैदानावर मुलींचा सराव चालू होता. आम्हाला बघून कोचने तो थांबवला. पेला आणायला ती वळली तर मी म्हटलं, राहू दे. मुलीच्या हातातली बॅग घेतली आणि चालायला लागले. इथे चुकले तर घर गेलं, कायमचं. कोचची टाळी वाजली. बॅग कुठे उडाली ते मी बघितलंच नाही. मातीवर अलगद टेकले, लोळले, आणि धुळीचा एवढा लोट उठला की मला मुलगी दिसेना, मुलीला मी दिसेना.

धूळ बसली तेव्हा ती माझ्यावर वाकलेली होती. खोकत होती आणि हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी आपली आपण उठेपर्यंत तिने हात पुढे केला नाही, मागे बांधून ठेवला. मग बॅग उचलून झटकली.

"ही मी परत नेते," ती म्हणाली. "पण आई, बाबांचं पाणी चालू कर. पडशील तेव्हा नाकातोंडात धूळ जाते."

दोन वर्षांनी मी वाडीतून बावखलाकडे गेले. पाणी तसंच होतं, हिरवं, गप्प, माडांची सावली घेऊन बसलेलं. मी बटण दाबलं. पंप खोकला, अडखळला, मग लागला. चपटा पडलेला पाईप फुगत फुगत गवतातून कुंपणाकडे निघाला. कोच कुंपणावरून उडी टाकून आली आणि तिने त्याचं तोंड धरलं. पलीकडून मुली ओरडायला लागल्या, "ताई, इकडे! ताई, इकडे!" ती त्या शेवाळाच्या काठाने चालायला लागली, तशी मी सगळा जीव एकवटून ओरडले, "पाय घसरला तर सोड गं तो!"